शिवराईसाठी कॅमेरा

नाण्यांचे फोटो काढायला कॅमेरा घ्यायचाय असं म्हटलं की समोरचा आधी विचारतो, किती मेगापिक्सेलचा? मग विचारतो, बजेट किती? नाणं केवढं आहे, हे मला आजवर कुणीही आपणहून विचारलेलं नाही. खरं तर सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो.

माझ्यापुढची नाणी म्हणजे शिवराया. तांब्याच्या, जाडसर, काळपट तपकिरी. वर्नियर लावला तर १९ ते २२ मिलिमीटर भरतात, त्याही सगळीकडून सारख्या नाहीत. नाणं गोलच असलं पाहिजे असा आग्रह टांकसाळीतल्या कुणी धरलेला दिसत नाही. वजन साधारण नऊ-दहा ग्रॅम. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’, कडेने ठिपक्यांची माळ. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई निघाली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. शाळेत सांगत नाहीत ते असं, की नंतरही शिवराई पडतच राहिली. छत्रपतींच्या पुढच्या पिढ्या, पेशवाई, ठिकठिकाणच्या टांकसाळी, असं करत एकोणिसाव्या शतकातही ती बाजारात चालत होती. त्यामुळे एखादी शिवराई हातात आली म्हणून ती महाराजांच्या काळातली असेलच असं नाही. बहुतेक वेळा नसते.

आजोबांकडे अशा १८७ होत्या. शिवाय राणी छाप रुपये, आणे-पैसे, कुठल्या कुठल्या संस्थानांची चिल्लर मिळून आणखी ४४. एकूण २३१ नाणी, बोर्नव्हिटाच्या दोन डब्यांत. आजोबा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते आणि त्यांची नोकरी सगळी सातारा जिल्ह्यात फिरतीची झाली. जिथे बदली व्हायची तिथल्या तांबटाशी आणि मोडवाल्याशी त्यांची आठवडाभरात ओळख व्हायची. त्या काळात शिवराया मोडीच्या भावात किलोने वितळवायला जायच्या. आजोबा तराजूजवळ बसून त्यातल्या वेचून घ्यायचे आणि तेवढ्या वजनाचं तांबं नाहीतर पैसे द्यायचे.

त्यांना जाऊन आता आठ वर्षं झाली. यंदा त्यांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, फ्लॅट रिकामा करायची तारीख आली, आणि भांडी, पुस्तकं, शिवणयंत्र यांच्याबरोबर डब्यांचाही विषय निघाला. बाबा, काका आणि आत्या, तिघांत समान वाटणी. यावर वाद झाला नाही. काकांना त्यांचा वाटा विकायचा होता, आणि त्यांच्याकडे सध्या जे खर्च आहेत ते बघता त्यात काही गैर नव्हतं. आत्याला लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात ठेवायला हवी होती. बाबांना नेमकं काय करायचं ते ठाऊक नव्हतं, पण नको असंही ते म्हणत नव्हते. मी एवढंच म्हटलं, की वाटणी दिवाळीत करू, तोवर मला प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढू द्या. काका म्हणाले, “काढ की. मोबाइलवर एका दुपारचं काम आहे.”

ते एका दुपारचं काम का नव्हतं हे सांगायचं तर शिवराई कशी पडायची ते आधी सांगायला हवं. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळे ठशावरची सगळी अक्षरं एका नाण्यावर मावतच नाहीत. हातोडा पडताना चकती जिथे असेल तेवढा तुकडा उमटतो. एकावर ‘राजा’ ठसठशीत आणि ‘शिव’ गायब, दुसऱ्यावर ‘शिव’ आहे पण ‘श्री’ कडेच्या बाहेर. बहुतेक शिवरायांवर साल नाही, टांकसाळीचं नावही नाही. मग कुठलं नाणं कुणाचं हे ठरवायचं कसं? अक्षराच्या वळणावरून, वेलांट्यांवरून, ठिपक्यांवरून. कुठे ‘शिव’ आहे, कुठे ‘सिव’, कुठे ‘शीव’. आणि त्याहून पक्का मार्ग म्हणजे एकाच ठशातून निघालेली नाणी ओळखायची. दोन नाण्यांवरचा ‘त्र’ हुबेहूब एकच असेल, त्याच्यापासून ठिपका तेवढ्याच अंतरावर असेल, तर ती दोन्ही एकाच टांकसाळीत, एकाच ठशाखाली, थोड्याफार दिवसांच्या अंतराने पडलेली. अशी नाणी जुळत गेली की प्रत्येकावरचा वेगळा तुकडा जोडून अख्खा ठसा कागदावर उभा करता येतो. कुठल्याच नाण्यावर नसलेला मजकूर सगळ्या नाण्यांना मिळून वाचता येतो.

म्हणजे एकटी शिवराई फारशी किमतीची नसते, पण १८७ एकत्र असतात तेव्हा त्या काहीतरी सांगू शकतात. आणि त्या तीन घरांत जाणार होत्या, त्यातल्या एका घरातून पुढे कुठे जाणार ते कुणालाच कळणार नव्हतं.

आजोबांना हे कळत होतं याचा पुरावा त्यांची वही आहे. दोनशे पानी, आडव्या रेघांची, खात्याच्या शाईचे डाग पडलेली. प्रत्येक नाण्यावर पातळ कागद धरून त्यांनी मऊ शिसपेन्सिलीने घासून ठसे काढले होते आणि ते कापून वहीत चिकटवले होते. लहानपणी आपण रुपयाच्या नाण्यावर वहीचं पान ठेवून करायचो ना, तेच. मी कॅमेऱ्यांची परीक्षणं वाचून डोकं पिकवत होते तेव्हा मला हळूहळू लक्षात आलं, की या पद्धतीत लेन्स नाही, अंतर नाही, सावली नाही, आणि माप तंतोतंत एकास एक आहे. त्यांनी १९६० च्या दशकात जे केलं त्याच्याशी माझ्या कॅमेऱ्याला बरोबरी करायची होती.

आता मोबाइल. मोबाइलबद्दल माझा आकस नाही. एका नाण्याचा देखणा फोटो हवा असेल तर आजचा कुठलाही बरा फोन पुरे आहे. अडचण वेगळ्या तीन ठिकाणी येते. जवळ नेल्यावर बरेच फोन मुख्य कॅमेरा सोडून अल्ट्रावाइडवर उडी मारतात, आणि ती लेन्स दोन-चार सेंटीमीटरवर आणावी लागते. एवढ्या जवळ फोन आला की त्याचीच सावली नाण्यावर. शिवाय जितकं जवळ, तितका तिरकेपणाचा परिणाम मोठा. फोन अर्धा अंश जरी कलला तरी नाण्याची एक कड मोठी आणि समोरची लहान होते. डोळ्यांना ते खटकत नाही, पण दोन फोटो एकावर एक ठेवून ‘त्र’ जुळतो का बघायचं असेल तर सगळा खेळ तिथे बिघडतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते. मी दिवसभर सॉफ्टवेअरच लिहिते, म्हणून कदाचित असेल. फोन आता फोटो काढत नाही, फोटो कसा असायला हवा याचा अंदाज बांधतो. चार-पाच फ्रेम एकत्र करतो, खरखर पुसतो, कडा गडद करतो. झिजलेल्या अक्षरावर वेलांटी आहे की नाही हाच जिथे प्रश्न आहे, तिथे उत्तर देणाऱ्याला कल्पनाशक्ती असता कामा नये.

मग लोकांनी सुचवलेले इतर मार्ग. यूएसबी मायक्रोस्कोप हजार-दोन हजारांत मिळतो आणि त्याच्या खोक्यावर ‘१०००एक्स’ लिहिलेलं असतं. हा आकडा कशाला कशाने भागून येतो हे विचारायचं नसतं. आतला सेन्सर बहुधा मेगापिक्सेल-दोन मेगापिक्सेलचा, आणि तोंडाशी गोल लावलेले एलईडी थेट खाली मारा करतात, त्यामुळे नाण्यावर पांढऱ्या टिकल्यांची रांगोळी उमटते. स्कॅनर त्या मानाने सभ्य. त्यात माप अचूक येतं. पण आजकालच्या पातळ स्कॅनरांची नजर काचेला टेकलेल्या कागदापुरतीच असते, काचेपासून मिलिमीटरभर वर असलेलं धुरकट होतं. आणि उजेड कायम एकाच बाजूने, तोही आपल्याला हलवता येत नाही.

पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात गेले तर तिथल्या मुलाने मला फुल-फ्रेम बॉडी आणि १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स काढून दाखवली. बेरीज माझ्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पुढे जात होती. “मॅडम, मॅक्रोला फुल-फ्रेमच पाहिजे,” हे त्याने इतक्या खात्रीने सांगितलं, की मी घरी येऊन कागद-पेन घेऊन बसले.

फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर असतो. २१ मिलिमीटरचं नाणं त्याच्या उंचीत नीट भरायचं तर ते सेन्सरवर जवळपास जसंच्या तसं, एकास एकच्या थोडं खाली, उमटायला हवं. लहान सेन्सरचा साधा डीएसएलआर घेतला, समजा कॅननचा, तर तो सेन्सर २२.३ बाय १४.९. तिथे नाण्याची प्रतिमा निम्म्याहून जराशी मोठी असली की चौकट भरली. कमी मोठं करायचं म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली जास्त मिळते आणि लेन्सही नाण्यापासून लांब ठेवता येते. शिवराईसाठी लहान सेन्सर म्हणजे तडजोड नव्हेच, उलट तो सोयीचा.

पिक्सेलचंही तसंच. ०.५५ पट प्रतिमा धरली तर १४.९ मिलिमीटरच्या सेन्सरवर नाण्याकडची सुमारे २७ मिलिमीटर उंची मावते. कॅननचा ६००डी हा २०११ सालचा, १८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. त्याच्या फोटोची उंची ३,४५६ पिक्सेल. म्हणजे नाण्याच्या एका मिलिमीटरला सव्वाशेच्या वर पिक्सेल. माणसाचा केस नाण्यावर पडलेला असेल तर तो आठ-दहा पिक्सेल जाड दिसेल. हातोड्याने पाडलेल्या तांब्याच्या नाण्यात याहून बारीक वाचण्यासारखं काही नसतं. मेगापिक्सेलचा प्रश्न अशा रीतीने कॅलक्युलेटरवर एका मिनिटात मिटला. पंधरा वर्षांचा जुना कॅमेरा चालणार होता, आणि तो मला लेन्सशिवाय अकरा हजारांत मिळाला.

जुन्या कॅमेऱ्यांत कॅननच का, याला दोन कारणं. एक, माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि जीफोटो२ नावाचा एक मोफत प्रोग्राम वायर लावून असे कॅमेरे चालवू शकतो. कमांड दिली की फोटो निघतो आणि थेट माझ्या फोल्डरमध्ये येतो. २३१ नाणी, प्रत्येकी दोन बाजू, म्हणजे किमान ४६२ फोटो. कुठला फोटो कुठल्या नाण्याचा हे नंतर बसून जुळवायचं म्हटलं तर दिवाळी सोडा, होळी आली असती. मी छोटी स्क्रिप्ट लिहिली: नाण्याचा क्रमांक विचारायचा, वजन विचारायचं, पुढची बाजू टिपायची, “उलटं कर” म्हणायचं, मागची बाजू टिपायची. क्रमांक आजोबांच्या वहीतलेच ठेवले. दुसरं कारण, कॅननच्या बॉडीत लेन्स बसते तिथपासून सेन्सरपर्यंत ४४ मिलिमीटर अंतर आहे, निकॉनच्या जुन्या बॉडीत ४६.५. अडीच मिलिमीटरची ही तफावत म्हणजे दुसऱ्यांच्या जुन्या लेन्स कॅननवर एखादी रिंग लावून चढवता येतात. उलट दिशेने ते जमत नाही.

लेन्स मला दुकानात मिळालीच नाही. ती मिळाली बाबांच्या ओळखीच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत. मालकांचं वय सत्तरीच्या पुढे, डार्करूमची खोली आता अडगळीची झालेली. तिथे एक एन्लार्जर होता आणि त्याला निक्कॉरची ७५ मिलिमीटरची, एफ/४ लेन्स. एन्लार्जरच्या लेन्सला फोटोवाले फारसे विचारत नाहीत, कारण तिला स्वतःचा फोकस नसतो. पण ती बनवलेली असते सपाट वस्तूसाठी, सपाट निगेटिव्हवरून सपाट कागदावर चित्र पाडण्यासाठी, आणि जवळच्या अंतरासाठी. नाणं याहून वेगळं काय आहे? काकांनी (माझ्या नव्हे, स्टुडिओच्या) सांगितलं की ७५ ची लेन्स सहा बाय सहाच्या निगेटिव्हसाठी असायची. आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले लग्नाचे, मुंजीचे, सहलीचे फोटो यातूनच मोठे व्हायचे. मी विचारलं, “किती देऊ?” ते म्हणाले, “लेन्सचे द्या काय द्यायचे ते. पण हा खांब तुम्हाला लागणार नाही का?”

खांब म्हणजे एन्लार्जरचा स्टँड. जड लाकडी पाट, त्यावर उभा लोखंडी दांडा आणि चक्र फिरवलं की वर-खाली सरकणारं डोकं. डोकं काढून तिथे कॅमेरा लावला की कॉपी स्टँड तयार. नवीन घ्यायला गेलं तर यालाच काही हजार मोजावे लागतात. मला तो रिक्षातून आणताना रिक्षावाल्याने शिवणयंत्राचा पाय समजून जागा करून दिली.

लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये साधारण सात सेंटीमीटरची पोकळ नळी लागली. त्या एक्स्टेन्शन ट्यूब स्वस्तात मिळतात, त्यांत काच नसतेच. अशी जोडणी झाली की ०.५५ पटीला लेन्सपासून नाण्यापर्यंत वीसेक सेंटीमीटर मोकळी जागा राहते. माझ्या मते नाण्याच्या कॅमेऱ्याची निवड या एका आकड्यावर करावी. ५० मिलिमीटरची लेन्स असती तर हीच जागा चौदा सेंटीमीटरवर आली असती. फोनला दोन-चार. ही जागा उजेडाला लागते.

आणखी एक गोष्ट, जी मला कुठल्याच दुकानदाराने सांगितली नाही. ऑटोफोकस इथे नकोच. लेन्स फोकस करताना प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो. त्यापेक्षा लेन्स एका जागी कायम करायची आणि अख्खा कॅमेरा दांड्यावर केसभर वर-खाली करून नाणं स्पष्ट करायचं. मग प्रत्येक नाणं आपोआप एकाच प्रमाणात येतं. १९ मिलिमीटरचं नाणं फोटोतही १९ चंच, २२ चं २२ चंच. आजोबांच्या पेन्सिलीसारखं. एफ/५.६ ला स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम एक मिलिमीटर; त्याहून छिद्र बारीक करत गेलं की खोली वाढते, पण एफ/११ च्या पुढे प्रकाशाच्या वळण्यामुळे सगळंच मऊ पडायला लागतं. शिवराईचा उठाव मिलिमीटरच्या आत असतो, त्यामुळे ५.६ आणि ८ च्या मध्ये माझं भागलं.

खरे दिवस गेले ते उजेडात. तपकीर गल्लीतून वाकणाऱ्या मानेचे दोन टेबललॅम्प आणले. साधे एलईडी लावले तर तांबं आजारी दिसायला लागलं. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल रंग कमी असतो, आणि तांब्याकडे दुसरं असतं काय? रंग नीट दाखवणारे बल्ब दुप्पट किमतीचे होते, ते घेतले. समोर बटर पेपर. नाणं पाटावर न ठेवता खोडरबरच्या तुकड्यावर ठेवलं, म्हणजे मागची जमीन पार धूसर होते आणि नाणं हवेत तरंगल्यासारखं सुटं दिसतं.

उजेड वरून डावीकडून, घड्याळात दहा वाजतात तिथून, आणि दुसरा मंद, दोनच्या बाजूने. हा नियम एकदा केला की मोडायचा नाही. आपला मेंदू उजेड वरूनच येतो असं धरून चालतो, त्यामुळे तो खालून पाडला तर उठावाची अक्षरं खोदल्यासारखी दिसतात. हे वाचून कळत नाही, करून बघावं. आपल्याच फोटोतली शिवराई उलटी धरली की तीच अक्षरं आत जातात.

जुन्या नाणेसूचींमध्ये बरेचदा नाण्यांचे फोटोच नसत, नाण्यांच्या प्लास्टरच्या ठशांचे फोटो असत. संग्रहालयं नाण्याचं साच्यात प्लास्टर ओतत आणि पांढऱ्याशुभ्र प्रतीचा फोटो घेत, कारण एक नाणं काळं, दुसरं हिरवं, तिसरं घासून लख्ख, असं असलं की तुलना होत नाही. मला याचं महत्त्व कळलं ते आत्याकडच्या सात शिवरायांमुळे. त्या आजोबांनी तिला आधीच दिल्या होत्या आणि दर दिवाळीला चिंच-मीठ लावून तिने त्या गुलाबी केल्या होत्या. (“अगं, देवापुढे काळं ठेवू का?” याला माझ्याकडे उत्तर नाही.) नाणेसंग्राहक हे ऐकून कपाळावर हात मारतील, कारण तो काळपट थरच तांब्याला जपतो. पण रंग काढून टाकून फोटो करडे केले, उजेड तोच ठेवला, की ‘त्र’ हा ‘त्र’ असतो. गुलाबी आणि काळी, दोन्ही एका रांगेत बसली.

अगदी झिजलेल्या तीसेक नाण्यांना नियम सोडून वेगळं वागवलं. कॅमेरा हलवायचा नाही, नाणं हलवायचं नाही, आणि एकच टॉर्च जवळजवळ आडवी धरून घड्याळाच्या बारा आकड्यांवरून बारा फोटो काढायचे. यातली मोठी, शास्त्रशुद्ध पद्धत २००१ साली एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी मांडली. आता संग्रहालयांत शिलालेखांपासून नाण्यांपर्यंत ती वापरतात. माझी तिची गावठी आवृत्ती. पण जे नाणं दहाच्या उजेडात गुळगुळीत चकती होतं, त्यावर तीनच्या उजेडात ‘जा’चा काना उभा राहिलेला मी पाहिला, रात्री पावणेदोनला, आणि घरात सांगायला कुणी जागं नव्हतं.

पाच शनिवार-रविवार लागले. बाबा वजन करायला बसायचे. सोनारांकडे असतो तसला छोटा काटा, ०.०१ ग्रॅमपर्यंतचा. पहिल्या दिवशी ते नुसते आकडे सांगत होते, तिसऱ्या आठवड्यात “ही जड आहे गं, बघ जरा” असं म्हणायला लागले. कोरेगावला असताना आजोबांनी एकदा पगारातले निम्मे पैसे मोडवाल्याला दिले होते आणि आजी दोन दिवस बोलत नव्हती, हे मला तेव्हाच कळलं. काका एकदा येऊन बघून गेले. बराच वेळ स्क्रीनसमोर उभे होते. “एवढं दिसतं होय यात,” म्हणाले.

जुळवणी मी आधी कोडने करून बघितली. कोडने नाण्यांच्या खरवडीच जुळवल्या. शेवटी फोटो अर्धे पारदर्शक करून एकावर एक सरकवत डोळ्यांनीच बघितलं. १८७ मधून ठसा जुळणाऱ्या जोड्या नऊ निघाल्या, तीन नाण्यांचे गट दोन, आणि एक गट चार नाण्यांचा: ४३, ८८, १५१, १६०. चारही ‘छत्र पति’च्या बाजूने एकाच ठशातली. चारांपैकी एकावरही मजकूर पूर्ण नाही. ८८ वर ‘ति’ नाही, १६० वर वरची ओळ निम्मी कापलेली. चारही मिळून ठशाचा जवळजवळ सगळा गोल भरतो.

आणि चौघांवर एक रेघ आहे. बारीक, उठावाची. ठशाला हातोड्याच्या माराने तडा गेला की त्या तड्यात तांबं शिरतं, म्हणून नाण्यावर ती रेघ वर आलेली दिसते. ओरखडा आत असतो, तडा बाहेर. आणि तडा घावागणिक वाढतो, कधी मागे हटत नाही. ८८ वर तो ‘छ’च्या वरच थांबतो. ४३ वर ‘छ’ ओलांडतो. १५१ वर ‘प’च्या डोक्याशी येतो, १६० वर ‘प’च्या पुढे गेलेला. म्हणजे आधी ८८ पडली, मग ४३, मग १५१, मग १६०. साल माहीत नाही, गाव माहीत नाही, पण कुठल्याशा टांकसाळीत कुणीतरी हातोडा मारत असताना कुठलं नाणं आधी आणि कुठलं नंतर, एवढं सांगता येतं. या रेघेची जाडी मी मोजली. फोटोत साधारण बारा पिक्सेल, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग.

वाटणी वसुबारसेला झाली. चिठ्ठ्या टाकल्या. ८८ बाबांकडे आली, ४३ आणि १६० काकांकडे, १५१ आत्याकडे. काकांनी विचारलं, “ही चार एकत्र दिली तर जास्त येतील का गं?” मी जुन्या बाजारातल्या एका ओळखीच्या नाणेवाल्याला आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून खरं ते सांगितलं: फारसा फरक पडणार नाही, घेणारा एकेकच बघतो. काकांनी मान हलवली. त्यांना तिन्ही वाट्यांचे फोटो, वजनं आणि जुळलेल्या गटांची यादी पेनड्राइव्हवर दिली आहे. विकताना घेणाऱ्यालाही एक प्रत द्यायचं त्यांनी कबूल केलंय. आत्याने १५१ ला यंदा चिंच लावली नाही.

उरलेल्या ४४ चं काम अजून बाकी आहे. चांदीच्या रुपयांना दोन लॅम्पचा उजेड चालत नाही, चकाकतात. त्यांच्यासाठी लेन्सच्या खाली ४५ अंशांत काच लावून बाजूचा उजेड सरळ खाली पाडावा लागतो. काच कापून आणली आहे, ती धरणारी चौकट व्हायचीय.

मधल्या वेळात मी आजोबांच्या वहीचे फोटो काढते आहे, त्याच खांबावर, त्याच प्रमाणात. वहीत २४२ ठसे आहेत आणि नाणी होती २३१. म्हणजे अकरा नाणी आजोबांनी त्यांच्या हयातीतच कुणाला ना कुणाला दिली होती. त्यातला १९ क्रमांकाचा ठसा गेल्या आठवड्यात मी स्क्रीनवर १६० च्या फोटोवर ठेवला. पेन्सिलीच्या राखाडी खुणांमध्ये ती रेघ आहे, ‘प’ ओलांडून ‘ति’च्या वेलांटीपर्यंत पोचलेली. आजोबांनी तिच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘ओरखडा नव्हे.’ आणि त्याखाली, वेगळ्या शाईत, ‘दिले. १९७१.’ कुणाला, ते लिहिलेलं नाही. बाबांना आठवत नाही. आत्या म्हणते, फलटणला एक तांबट होते त्यांचा मुलगा घरी यायचा, त्याला नाद होता. तिला त्याचं आडनाव आठवलं की फोन करणार आहे.